तेरा सह्या कमी

मी, ऑरिन हॅवरकॅम्प, वय सत्त्याहत्तर, राहणार डेल्फर्ड, जिल्हा एल्क रन, ओहायो, धंदा बोअर मारण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण ते ठिकाणावर नाही असे गेल्या वर्षी दोन्ही पक्षांनी गावभर सांगितले. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. बोअरची गाडी, पाइप व सर्व अवजारे बर्नडीन पुलास्की हिला द्यावीत. ती शाळेत स्वयंपाक करायची, बोअरमधले तिला ओ की ठो कळत नाही. तिने ती खुशाल विकावीत. मी एक्केचाळीस वर्षे लाल पक्षाचा होतो आणि ती जन्मापासून निळ्या पक्षाची. आमच्याकडे तिसरा पक्ष नाही. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी आपापले पक्ष सोडले आणि जिल्हा मंडळाच्या दोन जागांसाठी एकत्र अर्ज भरायचे ठरवले. त्यापायी तिच्या सख्ख्या बहिणीने तिच्याशी बोलणे टाकले. तरी ती मागे हटली नाही.

कलम २. आम्ही हे का केले, ते नोंदवून ठेवतो. त्याआधीच्या फेब्रुवारीत माझी पत्नी लॉर्ना स्वयंपाकघरात कोसळली. रुग्णवाहिका शेजारच्या जिल्ह्यातून आली, बावन्न मिनिटांनी. आमच्या जिल्ह्याची स्वतःची होती. पण लाल म्हणाले कर कमी करा, निळे म्हणाले आधी नवी इमारत बांधा, अंदाजपत्रक अडले आणि रुग्णवाहिकेच्या केंद्राला कुलूप लागले. लॉर्ना गेल्यावर दोन्ही पक्षांनी तिच्या नावाने पत्रके वाटली आणि दोघांनीही दुसऱ्याला खुनी ठरवले. लाल पत्रकावरचा तिचा फोटो आमच्या घरच्या अल्बममधला होता. तो आमच्या मुलाने, वेंडेलने दिला होता. तो जिल्ह्यातल्या लाल पक्षाचा अध्यक्ष आहे.

कलम ३. आमची बँकेतली सर्व शिल्लक रक्कम जिल्ह्याची रुग्णवाहिका परत आणण्यासाठी ठेवावी. त्या पैशाचे तीन विश्वस्त असावेत: एक लाल, एक निळा आणि तिसरा कोणाचाच नसलेला. तसा माणूस सापडणार नाही असे वकील म्हणाले. मी दारोदार फिरलो आहे, तशी माणसे खूप आहेत. फक्त त्यांना कोणी विचारत नाही. आम्ही गेलो की लोक दार उघडून म्हणायचे, "तुम्ही दोघं? एकत्र? या, कॉफी घ्या." पक्षाविना उभे राहायचे तर अर्जाला मतदारांच्या चारशे सह्या लागत होत्या. आम्ही पाचशे अठ्ठावीस दिल्या.

मग त्या सह्यांवर हरकत आली. कोणी पूर्ण नावाऐवजी घरचे नाव लिहिले होते, कोणाचा घरक्रमांक पुसट होता. सुनावणीला लाल आणि निळ्या पक्षाचे वकील एकाच बाकावर बसून एकाच कागदावरून वाचत होते. माझ्या आयुष्यात ते दोन पक्ष एकत्र आलेले मी तेवढेच पाहिले. एकशे एक्केचाळीस सह्या खोडल्या. तेरा कमी पडल्या.

हरकतीखाली पहिली सही वेंडेलची होती. मी त्याला बाहेर गाठले.

"डॅड, तुम्ही मतं फोडली असती."

"कोणाची?"

"आपली."

"आपली म्हणजे कोणाची रे? तुझी आई बावन्न मिनिटं वाट बघत होती."

"आईला मध्ये आणू नका."

"पत्रकावर कोणी आणलं?"

तो गाडीत बसला आणि गेला.

कलम ४. घर व मागची जमीन वेंडेल यालाच द्यावी. मी त्याला माफ केलेले नाही. लॉर्नाची तशी इच्छा होती आणि तिला मी शब्द दिला होता.

कलम ५. माझ्या अंत्यविधीला कोणत्याही पक्षाचे फूल, झेंडा वा भाषण नको. नंतर चर्चच्या तळघरात बर्नडीनच्या हातचे डुकराचे मांस व कोबी वाढावे, आणि लाल-निळ्यांना वेगवेगळ्या टेबलांवर बसू देऊ नये. विधीच्या वेळी वेंडेलने घरच्यांच्या पुढच्या बाकावर बसावे.

कलम ६. बर्नडीनला वाटा असल्याने तिला साक्षीदार होता येत नाही. म्हणून एल्डन रूस (लाल पक्ष) आणि मार्शा टिबेट (निळा पक्ष) यांना बोलावले. दोघांनी माझ्या टेबलाशी बसून वरची कलमे वाचली. मार्शाने विचारले, "हे वेंडेलला समोर बसवून का नाही सांगत, ऑरिन?"

मी सांगितले, "रविवारी जेवायला बोलावलं होतं. पक्षाची बैठक आहे म्हणाला."

एल्डनने पेन मागितले.

सही: ऑरिन हॅवरकॅम्प

आम्हां दोघांच्या देखत ऑरिन यांनी सही केली व आम्ही एकमेकांच्या देखत केली:
एल्डन रूस
मार्शा टिबेट

डेल्फर्ड, १४ ऑक्टोबर २०२४