सहाव्या डब्याचा नंबर

मी, विठाबाई त्र्यंबक सरनाईक, वय एकाहत्तर, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं वाचून शिकले. भाषा वकिली नसली तरी अर्थ पक्का धरावा.

१. राहतं घर मुलगा दत्तप्रसाद आणि सून मैथिली यांना समान हक्काने. पोस्टातली ठेव दत्तप्रसादची.

२. तांब्याचा बंब नणंद अक्का हिला. तो तिच्या माहेरचा असं ती प्रत्येक लग्नकार्यात सांगते. तो माझ्या वडिलांनी दिलेला आहे. तरी न्यावा, पण यापुढे खरं सांगावं.

३. मालगाडी. माझे पती मालधक्क्यावर वॅगनचे नंबर टिपून घेत. निवृत्तीनंतर त्यांनी खेळातली मालगाडी घेतली: एक इंजिन, सहा तपकिरी डबे. सहाही डब्यांवर कारखान्याने एकच नंबर छापलेला. जेवताना हे लक्षात आलं तसे ते ताटावरून उठले.

"अगं, एका नंबरचे सहा डबे! एक हरवला तर कुठला म्हणून लिहायचं?"

"कपाटातनं कुठं हरवतोय?" मी म्हटलं.

पण त्यांनी छापलेले नंबर पुसून उतरवायला घेतले. दोन डबे झाले, बारीक ब्रशने नवे नंबर घातले, आणि ते गेले.

पुढचं मी हाती घेतलं. तिसऱ्या डब्याला दत्तप्रसादने मदत म्हणून थिनर लावलं. नंबर गेला, रंगही गेला, खालचं प्लास्टिक उघडं पडलं. त्या टकलावरच मी नंबर लिहिला. मग वाचनालयातून पुस्तकं आणली, मैथिलीने मोबाईलवर शोधलं. अक्का दारातूनच म्हणाली, "वैनी, वय काय तुझं? पोरासारखी खेळत बसलीयास व्हय!"

ज्याच्या हाती गाडी जाईल त्याच्यासाठी लिहून ठेवते. इंजेक्शनआधी दंडाला लावतात ते स्पिरिट घ्यावं. कापूस नुसता ओलसर करावा आणि आधी डब्याच्या पोटाखाली लावून बघावा. मग नंबरावर टेकवून थांबावं, घासू नये. शाई मऊ झाली की दात कोरायच्या लाकडी काडीने हलकेच काढावी. कापसावर तपकिरी दिसलं की हात उचलावा.

चौथा आणि पाचवा डबा असे झाले. पण एक नवल कळलं. नंबर पुरता गेला तरी डबा उजेडात तिरका धरला की तो वाचता येतो. गाडी वर्षानुवर्षं खिडकीत होती. बाकीचा रंग उन्हाने फिका झाला, अंकांखालचा गडद राहिला. ही गडद जागा झाकायची युक्ती मी पुष्कळ शोधली. आता वाटतं, राहू दे.

सहावा डबा मी केलेला नाही. तो झाला की यांना मनातल्या मनात विचारायचं काही उरणार नाही, म्हणून पुढे ढकलत आले. दत्तप्रसादला पुण्याचं गिऱ्हाईक भेटलं आहे. मूळ नंबरचा तेवढा एक डबा त्याला हवा आहे. बाळा, तो विकायचा नाही. इंजिन आणि सहाही डबे मैथिलीचे. ते एकमेकांपासून तोडू नयेत.

सहाव्याचा नंबर मैथिलीनेच उतरवावा. नवा कुठला घालायचा हेही तिनेच ठरवावं. तिने ठरवलाही आहे. काल मी विचारलं तर म्हणते, "आई, डबा झाल्यावर सांगते की. तुम्ही शेजारी बसा, माझा हात चुकला तर?"

यांच्या वॅगनपैकी एखादा असेल, की लग्नाचं साल, की तिचंच काही? बाईने तोंडाला कुलूप लावलं आहे. तेव्हा मी रविवारी तिच्या शेजारी बसणार आहे. तो नंबर कळेपर्यंत तरी या कागदाची कुणी घाई करू नये.

वरील मजकूर वाचून, समजून मी सही केली. आम्ही दोघा साक्षीदारांनी त्यांना ती करताना पाहिलं. आम्हाला यातलं काही मिळणार नाही.

सही: विठाबाई त्र्यंबक सरनाईक
साक्षीदार: १. हंबीरराव पोवार, शेजारी
२. क्रांती देसाई, ग्रंथपाल
कोल्हापूर, ६ फेब्रुवारी २०२५