सात दगडांखालचं पाणी

प्रिय अभिमनभाऊ,

“पानी नितळ शे तवलगून घाबरानं नही. गढूळ व्हयनं का माले हाक मारजो.” आपले नाना हे म्हणाले तेव्हा तलावाच्या बांधाच्या पायथ्याशी उकिडवे बसले होते, ओल्या जागेवर पंजा टेकवून, जणू तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावतायत. तू तेव्हा नव्या मोटारसायकलच्या नादात होतास. मला मात्र ते वाक्य अंगाईसारखं पाठ झालं. घरात काही बिनसलं, कुणी आजारी पडलं, की मी मनात विचारायची, अजून नितळ आहे ना? मग झोप लागायची.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या भाच्याची, प्रशीलची परीक्षा संपली. जळगावात या वर्षी परतीचा पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, तिकडेही तसाच झाला असं हिलाल सांगत होता. आपला चुलतभाऊ पपईची गाडी घेऊन येतो तेव्हा गावाची बठ्ठी खबर घेऊनच येतो. म्हणाला, अक्का, तलाव काठोकाठ शे, सांडव्यावरून पाणी पडतंय, भाऊ नुसता मिशीत हसतोय. तुझं ते हसू मला इथे बसून दिसलं. नानांनी स्वतःच्या रानातला नाला अडवला तेव्हा लोक त्यांना येडं म्हणाले होते. आज नरडाण्यापर्यंत कुणाकडे नाही अशी केळी तुझ्याकडे आहे. त्या पाण्याचा तुला अभिमान आहे, आणि मलाही आहे. पुढचं वाचताना हे विसरू नकोस.

ते सात दगड कुणी ठेवले, आठवतं का रे? आता सगळे सांगतात की साती आसरा, पाण्याच्या देवी, तिथे आपणहून प्रकट झाल्या. पण दगड नानांनी ठेवले होते. पायथ्याला पाझर फुटला, तेव्हा ओल कुठवर आहे हे कळावं म्हणून त्यांनी कडेकडेनं खूण केली. ओल दगडांच्या बाहेर सरकली तर समजावं, एवढ्यासाठी. गुराखी दगड हलवायचे, म्हणून आईनं एक दिवस त्यांना शेंदूर फासला. नाना हसत म्हणाले, “बरं व्हयनं द्रौपदा, आते राखनदार भेटनी.” पुढच्या वर्षी बायका ओटी भरायला आल्या, मग नारळ आले, मग तू फरशी घातलीस, पत्र्याचं छत केलंस, झऱ्याला पितळी गोमुख बसवलंस. धोक्याची खूण होती, तिचा देव झाला, आणि देवाकडे कुणी ओल किती सरकली म्हणून बघत नाही. ती ओल तर आता फरशीखाली गेली आहे.

पोळ्याला आले होते तेव्हा मी बांधावरून चालले. मधोमध, बाभळीपाशी, वाट खाली बसल्यासारखी वाटली. तुझी गाडी तिथे दर वेळी दचके खाते, तू म्हणालास बैलांनी माती उडवली. खाली दगडांपैकी दोन बांधाकडे कलले होते. सपनावहिनी केवढ्या आनंदानं म्हणाल्या, “देवी पानीकडे तोंड करी ऱ्हायनी.” तुला फोनवर विचारलं तर तू म्हणालास, “सुलू, नळनं पानी पीसन भित्री व्हयी गई तू.” मी हसले, तूही हसलास, आणि विषय पपईच्या भावावर गेला. असंच होतं आपलं फोनवर. म्हणून हे कागदावर.

इथल्या पाटबंधाऱ्याच्या कचेरीत मी चौकशी केली, तुला न विचारता. साहेब भला माणूस होता. त्यानं विचारलं, “बाई, धरण कुणाचं?” म्हटलं, आमचं, वडिलांनी बांधलं. “मग तपासणारेही तुम्हीच,” तो म्हणाला, आणि चहा मागवला. खरंच आहे ते. आपलं आहे म्हणून आजवर कुणी परकं त्याकडे बघायला आलं नाही. आणि आपण बघतो तेव्हा हात जोडून बघतो.

गेल्या आठवड्यात वहिनींनी हिलालबरोबर तीर्थाची बाटली पाठवली, लापशीच्या डब्याबरोबर. पाणी जरा धुरकट दिसलं. मी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी बघते तर वर पाणी स्वच्छ आणि तळाशी बोटभर गाळ. पिवळा. भाऊ, आपल्या शिवारात पिवळी माती कुठे आहे? सगळं रान काळं, तलावातला गाळ काळा, बांधाचा बाहेरचा मुरूम तांबडा. पिवळी चिकणमाती नानांनी कुंभारांच्या खाणीतून आणली होती, पाणी अडावं म्हणून ती फक्त बांधाच्या पोटात घातली. तुडवायला आपणही होतो, पायाला आठवडाभर रंग होता. ती माती आता गोमुखातून बाहेर येते आहे, आणि लोक ओंजळ धरून पितायत.

बाटली या पत्रासोबत परत पाठवते आहे. हिलालच्या गाडीत ती ढवळून जाईल. तू ओट्यावर ठेव, हलवू नकोस, सकाळी बघ.

परवा तुझ्या योगेंद्रचा फोन आला. त्याच्या बाळाचं जावळ आसरांच्या पुढ्यातच काढायचं ठरलंय, अख्खं गाव जेवायला, मांडव बांधाच्या पायथ्याशी. त्याला बहीण नाही, बाळाला सख्खी आत्या नाही, म्हणून केस झेलायला ओटी माझी, असं तूच सांगितलंस म्हणे. ते ऐकून मी रडले. आधी आनंदानं रडले, मग मांडव कुठे आहे ते लक्षात आलं. नाना आता हाकेला ओ देणार नाहीत, म्हणून तुलाच हाक मारते आहे. पाटाचं दार आजपासून थोडं थोडं उघड, तलाव खाली कर, आणि जावळ आपल्या अंगणात काढ. केळी जाईल, मला माहीत आहे. तू नाही म्हणशील, देवीच्या पाण्याला दार नसतं म्हणशील, तेही माहीत आहे. तू दार उघडलं नाहीस तरी मी येईन, कारण बाळ तिथे असेल, आणि ओटी पसरून त्या दगडांसमोर बसेन. मला तिथे बसवू नकोस, भाऊ. दार उघड.

तुझीच धाकटी,
सुलक्षणा