तांब्याच्या हंड्यातले पाणी

आई, तुझ्या धाकट्या मुलीने गेल्या आठवड्यात नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले, "आईच्या माहेरच्या हंड्याने दादाचे सगळे मासे मारले." एवढ्याशा वाक्यात तीन चुका आहेत. ते मासे नव्हते. ती कोळंबी होती, बोटाच्या पेराहून लहान, लालसर, खाण्याची नव्हे तर पाळण्याची. हंडा तुझ्या माहेरचा नव्हता. बाबांना इथे बंगालमध्ये, बजबजच्या ज्यूट गिरणीत नोकरी लागली त्या वर्षी तू तो बडा बाजारातून घेतलास, आणि दुकानदाराशी तुझ्या हिंदीत इतका वेळ हुज्जत घातलीस की त्याने शेवटी तुला स्टूल दिले. तिसरी चूक मोठी आहे. हंड्याने कोणालाही मारले नाही. पाणी मी ओतले, आणि दोष मात्र सूनबाईवर टाकला. तुझ्या नातवाची ही बायको तू पाहिली नाहीस. धाकटीच्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही, म्हणून हे लिहितो आहे.

निवृत्तीनंतर मी माझ्या खोलीत काचेची दोन फुटी टाकी ठेवली. तळाशी काळी माती, मधोमध एक वाळके खोड, त्यावर शेवाळ, मागे उंच पाणवनस्पती. गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारातून कोळंबी आणली तेव्हा विक्रेता म्हणाला होता, "दादू, हे फार लाजाळू आहेत, धीर धरा." तीन दिवस एकही दिसली नाही. धाकटी फोनवर म्हणाली, "कोळंबी पाळतोस? आई असती तर कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून मोकळी झाली असती!" सूनबाई बंगाली आहे, तिने टाकीत डोकावून सांगितले, "बाबा, ही तर कुचो चिंगडी, अगदी बारकी. दुधी-चिंगडीच्या भाजीलासुद्धा पुरणार नाही." पण कोळंबी बाहेर यावी म्हणून हात न हलवता, खुर्ची न सरकवता बसावे लागते, हे तिला माझ्याआधी समजले. न्यू टाउनच्या ऑफिसातून आली की ती चहा घेऊन माझ्या शेजारी बसते, आणि अर्ध्या तासाने शेवाळातून एक मिशी दिसते, मग दुसरी. एकदा तळाशी पारदर्शक देह पडलेला पाहून मी म्हणालो, "एक गेली." काचेला नाक लावून ती म्हणाली, "गेली नाही, बाबा. कपडे बदलले तिने." ती कात होती. पोटाखाली अंडी धरलेली पहिली मादीही तिलाच दिसली. त्या अर्ध्या तासात ती माझ्याशी मराठीत बोलत असे, आणि मी तिच्या शब्दांची लिंगे सुधारत असे. तिच्या भाषेत निर्जीव वस्तूंना लिंग नसते. माझा संयम मात्र बेताचा.

नळाचे पाणी टाकीत थेट घालता येत नाही. त्यातले क्लोरीन उडून जाण्यासाठी ते एक दिवस उघडे ठेवावे लागते. मी ते प्लास्टिकच्या बादलीत ठेवत असे. बादलीला चीर गेली, आणि मला तुझा तांब्याचा हंडा आठवला. त्याहून शुद्ध पाणी आपल्या घरात कशात राहिले असेल? चिंच लावून तो लखलखीत घासला, पाणी भरले, दोन दिवस ठेवले आणि ओतले. ओतताना मला तुझे भवानीपूरचे स्वयंपाकघर दिसत होते: खिडकीखालची हंड्याची तिवई, त्यावरचे ओले फडके, सकाळी पहिला पेला बाबांना. मात्र त्याच स्वयंपाकघरातला एक दिवस दिसला नाही. मी नऊ-दहा वर्षांचा होतो. उरलेले ताक मी तांब्याच्या भांड्यात ओतून ठेवले होते. दुपारी तू ते मोरीत ओतलेस आणि माझ्याकडे वळलीस. "कळकलं सगळं! तांब्यात काय ठेवावं नि काय नाही, एवढं कळत नाही होय रे तुला? भांड्याला मागून सांगता येत नाही, 'उतरू नकोस' म्हणून." तांबे पाण्यात उतरते हे मला साठ वर्षांपूर्वी सांगितले गेले होते. त्यातले किंचितही या जिवांना सोसत नाही, हे तेवढे शिकायचे राहिले होते.

सकाळी कोळंबी आडवी पडलेली दिसली, शेवाळावर, मातीवर, काही अजून पाय हलवणारी. आदल्या संध्याकाळी सूनबाईने शेजारच्या खोलीत डासांसाठी फवारा मारला होता. डेंग्यूचे दिवस आहेत. मुलगा समोर असताना मी म्हणालो, "एवढी शिकलेली माणसं, आणि विष कुठे फवारावं हे कळत नाही?" ती म्हणाली, "बाबा, मी दार बंद केला होता." मी म्हणालो, "केलं होतं."

आई, त्या क्षणीही मी ते सुधारले. त्यानंतर माझ्याशी ती मराठी बोलली नाही, हिंदीत "जी", "चाय", "दवा ली?" एवढेच. तिने मृत कोळंबी गाळणीने काढून तुळशीच्या कुंडीत पुरली.

रविवारी मी गॅलिफ स्ट्रीटला गेलो. विक्रेत्याने सारे विचारून घेतले, "तामा?" म्हणाला आणि कपाळावर हात मारला. घरी येऊन मी चपलाही न काढता तिच्यासमोर उभा राहिलो. "फवाऱ्यानं नाही. माझ्या हंड्यानं. मी तुला उगाच बोललो. आज कळलं मला." ती मराठीत म्हणाली, "कळल्या कळल्या आलात ना, बाबा. माझे वडील असते तर वर्षभर नसते बोलले." पुढच्या रविवारी ती एकटी बाजारात गेली आणि बारा नव्या कोळंब्या घेऊन आली. आता संध्याकाळी आम्ही पुन्हा बसतो. हे पत्र टाकीखालच्या कप्प्यात राहील. तिला देवनागरी वाचता येते, पण तो कप्पा ती उघडत नाही.

धाकटीने फोनवर वारांचाही घोळ केला आहे. ते नीट करून ठेवतो.

हंड्यातले पाणी टाकीत ओतले: शनिवारी. रविवारी नव्हे.

फवारा मारला: रविवारी संध्याकाळी, दार बंद करून. मी नंतर पाहिले. त्या दाराच्या फटीलाही तिने ओला टॉवेल लावला होता.

कोळंबी मेली, आणि सूनबाईला बोललो: सोमवारी सकाळी.

तिची क्षमा मागितली: त्यानंतरच्या रविवारी. धाकटी 'दुसऱ्याच दिवशी' म्हणते, ते चूक.

मला कारण कळले: त्या रविवारी नव्हे. बुधवारी. टाकीबरोबर मिळालेल्या, कपाटात पडून असलेल्या माशांच्या औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत छापले होते की यात तांबे आहे, कोळंबी असलेल्या टाकीत घालू नये. मी ते दोनदा वाचले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले, आणि बाटली जागेवर ठेवली. बुधवार ते रविवार ती माझ्यापुढे "चाय" एवढेच म्हणून चहा ठेवून जात होती, आणि मी तो पीत होतो.