खुर्ची हसली नाही

संगमनेर, गुरुवार, फाल्गुन, सन १९४४

आज खुर्ची हसलीच नाही.

पाटलांच्या मुलीच्या रुखवतात मांडायची आहे ती. पाठीवर रुसलेल्या विहिणीचं तोंड कोरलंय. कुणी बसलं की बैठक बोटभर दबते, आतला दोरा ओढला जातो आणि ओठांची टोकं वर जातात. दिवाळीत बायकोला, गंगूला, वर बसवूनच दोरा बेतला होता. तेव्हा ती नि खुर्ची, दोघी हसल्या होत्या.

उद्या न्यायला येणार, म्हणून आज पुन्हा तिलाच बसवलं. ओठ हलले नाहीत. लाकडाला शिव्या घातल्या, बैठक खालून उचलून धरणारी बांबूची पट्टी तासून पातळ केली, गंगूला पुन्हा बसवलं. ओठ तसेच.

तेवढ्यात शेजारचे गफूरभाई आले नि सहज टेकले. ओठ झर्रकन वर!

"बेस हसतीय की मिस्त्री! काय झालंय हिला?"

गंगू हळूच म्हणाली, "मी बसल्यावर न्हाई हसत."

मी पट्टी आणखी तासायला घेतलीच होती. हात थांबला. तिच्या दंडावर चोळी कधीपासून अशी ढिली झालीय? रेशनची ज्वारी दोघांना पुरते कशी, हे मी एकदा तरी विचारलं का? आणखी जरा तासली असती तर खुर्ची हसली असती, नि मला कळलंही नसतं.

जेवताना आज आधी मीच भाकरीचं टोपलं उघडलं. आत दोनच भाकरी. माझ्यापुरत्या.

रोजच्यासारखंच ती म्हणाली, "मी मघाच जेवले."