सुमनच्या नावाचं गवत

नागपूर, १४ ऑक्टोबर १९७२

कन्हानच्या काठावर सापडलेलं ते गवत नवी जात नाहीच. आज भिंगाखाली कणीस फोडलं तर आत काळी भुकटी. साधं मारवेल, काणी रोगानं वेडंवाकडं झालेलं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, आणि मला रोग ओळखता येऊ नये? वर घाई केवढी! गवताला तुझं नाव देणार, असं बायकोला सांगूनही बसलो होतो.

संध्याकाळी सुमनला खरं सांगितलं. ती नुसती हसली. तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. "काहून वं सुमन, तुह्या नावाचं गवत पेपरात कधी येते?"

"माह्याच ऐकण्यात चूक झाली, काकू. हे तसं म्हणलेच नव्हते."

मी आतच होतो. सगळं ऐकलं, आणि बाहेर गेलो नाही.