इसिल्डाआजींनी मागितलेलं गीत

किंग्स्टन, रविवार

प्रिय आई,

प्रभूच्या कृपेनं मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? ब्रेडफ्रूटच्या झाडावर स्वतः चढू नकोस.

मी ज्यांना सांभाळायचे त्या इसिल्डाआजी बुधवारी वारल्या. आदल्या दिवशी म्हणाल्या, "वेरोना, एक गीत म्हण गं. देवानं गळा दिलाय, का मी मेल्यावर म्हणणारेस?" मला तुझं बोलणं आठवलं, आवाजाचा तोरा मिरवू नये. "मला कुठं येतंय, आजी," म्हणाले आणि चादर बदलून निघून आले.

काल दफनाला गीतांची पुस्तकं चारच होती, आणि लोकांना ओळ आधी सांगणारे चर्चचे सेवक, डीकन, तापानं पडलेले. सगळे एकमेकांकडं बघत राहिले. मग मीच पुढं झाले. एकेक ओळ मोठ्यानं सांगितली, लोकांनी ती उचलली.

नंतर पाळक म्हणाले, "एवढा गळा, आणि मान बघा कशी खाली! ही खरी नम्रता."

आई, नम्रता कसली! ज्यांनी गीत मागितलं त्या खाली मातीत होत्या, म्हणून मी खाली बघत होते.

धाकटी मर्लीन घरात गात असेल, तर तिला गप्प करू नकोस.

तुझीच,
वेरोना