अंगठ्यावरच्या रेषा

३ मार्च, सोमवार
बोटांचे ठसे पुन्हा परत आले! पत्रात एकच ओळ — रेषा वाचता येत नाहीत. ही दुसरी वेळ. पेट्रोलपंपावरचं साधं दुकान, पण कोपऱ्यात जुगाराची सात यंत्रं. म्हणून गल्ल्यावर दूध विकणाऱ्यालाही ठसे तपासून दिलेलं सरकारी कार्ड लागतं. माझी तात्पुरती परवान्याची चिठ्ठी ३० जूनला संपते. मग पुन्हा सिमेंटच्या ठोकळ्यांचा कारखाना. दहावी सोडून चार वर्षं तिथेच काढली. रेषाही तिथेच झिजल्या.

ठसे घेणारी, शेरीफच्या पोलीस कचेरीतली बाई म्हणाली, "बोटं आहेत की नदीतले गोटे?" मी हसलो. घरी भिंगातून पाहिलं. उजव्या अंगठ्यावर दोन रेषा.

४ मार्च
माझ्याच पाळीत काम करणारी मेयी, वीस वर्षं गल्ल्यावर आहे. तिने डबी दिली — लोकरीची चरबी. "माझा बाप जन्मभर मेंढ्या कातरायचा, हात लोण्यासारखे! चोळ रोज. मुली पळतील वासाने, पण रेषा येतील."

२ एप्रिल
अंगठ्यावर पाच!

६ मे
मालक हॅस्केट वर्तमानपत्र नाचवत आले. नवा कायदा येतोय — यंत्र उघडणाऱ्याला आणि जिंकलेले पैसे देणाऱ्यालाच कार्ड. पाळीत असा एक असला की पुरे. "लायटर विकायला बंबवाला लागतो का? तसलाच नियम होता तो!"

मी बातमी चारदा वाचली. तरी दुपारी तिसऱ्यांदा ठसे देऊन आलो. भरवसा कुणाचा?

५ जून
कायदा मंजूर! १ जुलैपासून लागू. मी गल्ल्यावरच राहणार!

मेयीने स्वतःचा अर्धा सॉसेज-पाव माझ्या हातात कोंबला. मग म्हणाली, "मी मात्र अडकले रे पोरा. आपल्या पाळीत कार्ड माझ्या एकटीकडे. लेक तिच्याकडे बॉयझी शहरात राहायला बोलावतेय. मालक म्हणतात, दुसरा कार्डवाला मिळेपर्यंत थांब. आता कार्ड काढायचा खटाटोप करणार कोण?"

पाव तसाच हातात.

१६ जून
पाकीट आलं. या वेळी रेषा वाचता आल्या! कार्ड — माझं नाव, माझा फोटो. मेयीपुढे धरलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं, माझा अंगठा उलटसुलट करून पाहिला. मग जुगाराच्या यंत्रांच्या किल्ल्या कमरेवरून सोडून माझ्यापुढे ठेवल्या आणि लेकीला फोन लावला.